टेम्पमधला कचरा कोणी काढायचा?

प्रश्न : नमस्कार सर, सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानाला मी पायथॉनमध्ये पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पावत्या, काढायचा प्रोग्राम करून दिलाय. हळदीचा सौदा झाला की वजन, दर, हमाली, तोलाई टाकायची, पीडीएफ टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरला सेव्ह होतो आणि तिथनं प्रिंटरला जातो. विंडोजचं एकच मशीन आहे, त्यावर दोन काउंटर चालतात. आधी फाइलचं नाव कायम पट्टी.पीडीएफ होतं, तर एक दिवस एका शेतकऱ्याच्या हातात दुसऱ्याचीच पट्टी गेली, मालकांनी चारचौघात माझा उद्धार केला. मग नावापुढं वेळ जोडली, तर आता फोल्डर फुगून सी ड्राइव्ह लाल झालाय. काय करू?

उत्तर : मालक चिडले ते बरोबरच आहे, पैशाचा कागद आहे तो. पण वेळ जोडून तुमचा पहिला घोळसुद्धा मिटलेला नाही बरं का, सीझनमध्ये दोन्ही काउंटरवर एकाच सेकंदाला क्लिक झालं की परत तेच. ‘फाइल आहे का बघ, नसेल तर बनव’ असं लिहिलंत तरी बघणं आणि बनवणं यांच्या मध्ये फट राहतेच. एसटीत जागा रिकामी आहे हे खिडकीतनं बघून दारानं चढेपर्यंत कुणीतरी बसलेलं असतं, म्हणून आपण आधी रुमाल टाकतो, तसंच हे. पायथॉनच्या टेम्पफाइल या तयार मॉड्यूलमधलं मेकटेम्प नुसतं कुणी न वापरलेलं नाव सांगतं, ते २.३ व्हर्जनपासूनच वापरू नका म्हणून सांगितलंय तरी लोक वापरतात, कमाल आहे. मेकएसटेम्प मात्र नाव शोधून फाइल त्याच झटक्यात बनवून, उघडून हातात देतं.

आता कचऱ्याचं. तुम्ही बहुतेक डिलीटची ओळ शेवटी लिहिली असणार, किंवा लिहिलीच नसणार. शेवटी लिहिली आणि मध्येच प्रिंटरनं एरर दिला की त्या ओळीपर्यंत गाडी पोचतच नाही, फाइल तशीच पडून. म्हणून विथ (काम संपलं की आवराआवर आपोआप करणारा पायथॉनचा ब्लॉक) लिहून त्याच मॉड्यूलमधली टेम्पररीडिरेक्टरी घ्या, तीही मेकएसटेम्पसारखंच वेगळ्या नावाचं फोल्डर जागेवर बनवून देते, पीडीएफ त्या फोल्डरात बनवा, बंद करा, प्रिंटला द्या, ब्लॉकमधनं बाहेर पडलं की एरर येवो न येवो फोल्डर आतल्या मालासकट जातो. नेम्डटेम्पररीफाइल, म्हणजे बंद केली की आपोआप उडणारी नावाची फाइल, विंडोजवर तुम्हाला नडेल, कारण ती उघडी असताना दुसरा प्रोग्राम तीच फाइल नावानं उघडायला गेला की परमिशनचा एरर येतो. ३.१२ मध्ये डिलीट-ऑन-क्लोज नावाचा पर्याय आलाय त्यावर, पण दुकानातल्या मशीनवर जुनं पायथॉन असणार, फोल्डरचाच मार्ग धरा.

एक गोष्ट मात्र नीट बघा, मी स्वतः यात अख्खी दुपार घालवलीय. पीडीएफ व्ह्यूअर सुरू करून दिला की तुमचा प्रोग्राम लगेच पुढं जातो, विथ संपतो, आणि व्ह्यूअर फाइल उघडायला जातो तेव्हा ती गेलेली असते. एरर कधी येतो कधी येत नाही, त्यामुळं शोधायला लय वेळ जातो. दुसरा प्रोग्राम चालवायच्या सबप्रोसेस मॉड्यूलमधलं रन वापरा, ते व्ह्यूअर संपेपर्यंत थांबतं, आणि काही व्ह्यूअर छापून झालं तरी बसून राहतात त्यांना टाइमआउट, म्हणजे थांबायची कमाल वेळ, द्या.

आणि लाइट गेली की विथ पण चालत नाही अन् एरर आला तरी चालणारा फायनलीचा ब्लॉक पण नाही. त्यासाठी फोल्डरच्या नावाला प्रीफिक्स द्या, पट्टी_ असं काहीतरी, आणि प्रोग्राम सकाळी सुरू होतानाच त्या प्रीफिक्सचे दिवसापेक्षा जुने फोल्डर उडवा. फक्त तुमचे, बाकीच्या टेम्पला हात लावू नका.

एवढीशी पट्टी, खरं तर मेमरीतच बाइट्सआयओमध्ये, म्हणजे डिस्कला न शिवणाऱ्या फाइलीत, मावते. फक्त व्ह्यूअरला डिस्कवरची फाइल लागते म्हणून हा सगळा खटाटोप.

प्रश्न : सर, मी साताऱ्यात इंजिनिअरिंगला आहे. लिनक्सवर व्हिडिओच्या प्रोजेक्टमध्ये टेम्पमधली ६ जीबीची फाइल उडवली, फाइलींची जागा मोजणारी डीयू कमांड जागा मोकळी दाखवते, अख्ख्या डिस्कचा हिशोब देणारी डीएफ म्हणते भरलेलीच आहे. कुणावर विश्वास ठेवू?

उत्तर : दोघी खरं बोलतायत. फाइलचं नाव गेलं, पण तुमच्या प्रोग्रामनं ती अजून उघडी धरलीय, तो सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफ कमांडला प्लस एल १ लावून चालवा, नाव नसलेल्या पण उघड्या फाइली दिसतील, तो प्रोग्राम बंद करा. पायथॉनच्या टेम्पफाइल मॉड्यूलमधलं टेम्पररीफाइल लिनक्सवर हीच खोड कामाला लावतं, नाव ठेवतच नाही, म्हणून प्रोग्राम मेला तरी मागं काही उरत नाही. आणि डेबियन १३ हे लिनक्स टाकलं असेल तर तिथं टेम्प मुळातच रॅममध्ये असतो, २०२५ मध्ये आलेल्या या व्हर्जनपासून तसा डिफॉल्ट आहे, ६ जीबी तिथं ओतलेत तर रॅम खाल्ली जाणार, नाहीतर जागा संपल्याचा एरर येणार. मोठ्या फाइली बनवताना डीआयआर (कुठल्या फोल्डरात ते सांगायचा पर्याय) देऊन त्यांना डिस्कवरच्या व्हार-टेम्प फोल्डरमध्ये पाठवा.