‘रॉजर’ म्हणून भागतं का?

प्रश्न : मी नागपूरला विमान चालवायला शिकतो आहे. टॉवरने (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने) ‘होल्ड शॉर्ट ऑफ रनवे थ्री टू’, म्हणजे ३२ क्रमांकाच्या धावपट्टीच्या अलीकडे थांबा, असं सांगितलं. मी ‘रॉजर’ म्हणालो आणि थांबलोही. तरी टॉवरने तीच सूचना पुन्हा दिली, वर इन्स्ट्रक्टर रागावले ते वेगळंच. माझं चुकलं कुठे?
– एक शिकाऊ वैमानिक

उत्तर : तुम्ही थांबलात, पण तुम्ही थांबणार आहात हे टॉवरला कळावं कसं? ‘रॉजर’ म्हणजे तुमचं बोलणं पोचलं, एवढंच. काय पोचलं, ते त्यातून कळत नाही. मी नोकरीभर टॉवरमध्ये बसलो. वैमानिक रीडबॅक देत असताना, म्हणजे सूचना परत वाचून दाखवत असताना, आमचे कान आकड्यांवर असतात. ‘थ्री टू’च्या जागी ‘वन फोर’ आलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं. नुसत्या ‘रॉजर’मध्ये दुरुस्त करायला काही सापडतच नाही.

२७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडिओस विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या सहवैमानिकाने मार्गाचा क्लिअरन्स (उड्डाणानंतर कुठल्या मार्गाने जायचं त्याची परवानगी) परत वाचला आणि शेवटी ‘वुई आर नाऊ ॲट टेकऑफ’ असं जोडलं. टॉवरमधला कंट्रोलर ‘ओके’ म्हणाला. त्यापुढचं त्याचं ‘थांबा, मी सांगतो’ आणि ‘आम्ही अजून रनवेवरच आहोत’ हे त्याच रनवेवरच्या पॅन ॲम या अमेरिकन कंपनीच्या विमानाचं बोलणं एकाच वेळी झालं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर कर्कश शिट्टीच ऐकू आली. केएलएमचं विमान उड्डाणासाठी धावत सुटलं आणि पॅन ॲमच्या विमानावर आदळलं. त्या टकरीत ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

तेव्हा रनवेवर जाणं, तो ओलांडणं, त्याच्या अलीकडे थांबणं, हेडिंग (दिशा), लेव्हल (उंची), वेग, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारसाठी दिलेला कोड) हे सगळं कॉलसाइनसकट, म्हणजे आपल्या विमानाच्या रेडिओवरच्या नावासकट, परत वाचा. वारा, ट्रॅफिक अशी नुसती माहिती असेल तर ‘रॉजर’ चालतं. रेडिओचं बटण दाबण्याआधी आकडे नी-बोर्डवर (मांडीवर बांधायच्या लिहिण्याच्या पाटीवर) उतरवून घ्या. एखादा आकडा निसटला तर अंदाजाने बोलू नका, सरळ ‘से अगेन’ (पुन्हा सांगा) म्हणा. गर्दीच्या वेळीसुद्धा म्हणा. कंट्रोलर पुन्हा सांगेल, ते त्याचं कामच आहे.