पोलोला मागचा डिफ बसवता येईल का? आधी गाडी लिफ्टवर घ्या

कराडच्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी पोलो जीटी टीएसआय रीमॅप केली (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली), आता पावसात यवतेश्वर घाटात दुसऱ्या गिअरला पाय दिला की पुढची चाकं जागेवर फिरतात. कुठून मागचा डिफ (डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देत त्यांना जोर वाटणारा गिअरचा डबा) आणि तिथवर जोर नेणारा शाफ्ट मिळाला तर गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी, करता येईल का? आणि टोयोटाच्या जीआर यारिस या तीन सिलिंडरच्या गाडीचं लोक एवढं कौतुक का करतात?

पहिल्याचं उत्तर: नका करू. दुसऱ्याचं उत्तर त्यातच आहे.

बॉनेट उघडू नका. गाडी लिफ्टवर घ्या आणि टॉर्च घेऊन मागे उभे राहा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेला जाड पत्र्याचा बीम दिसेल. त्याच्या पुढे मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, मधल्या खोबणीतून आलेला सायलेन्सरचा पाइप, आणि बीमच्या मागे स्टेपनीचा खड्डा. आता सांगा, डिफ कुठे ठेवणार? शाफ्ट कुठून नेणार? टाकी घोड्याच्या खोगिरासारखी शाफ्टच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी हवी, आणि एका कप्प्यातलं पेट्रोल दुसऱ्यात ओढणारा जेट पंप हवा. बीम काढून दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन हवं, डिफ धरायला सबफ्रेम (वेगळी लोखंडी चौकट) हवी, ती धरायला मागची चासी. पुढे गिअरबॉक्सला चिकटून शक्तीला काटकोनात वळवणारा डबा हवा, तो वेगळाच. तुमची १.२ लिटरवाली असेल तर तिचा डीएसजी, म्हणजे सात गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कंपनीनेच २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंत (फिरवण्याच्या जोरापर्यंत) बांधलेला आहे. रीमॅपनंतर तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर असणार.

आता यारिसकडे या. टोयोटासमोर हाच पेच होता. साध्या यारिसच्या छोट्या प्लॅटफॉर्मचा (गाडीच्या खालच्या सांगाड्याचा) मागचा भाग या कामाला पुरणारा नव्हता. मग त्यांनी पुढचा अर्धा भाग त्या छोट्या प्लॅटफॉर्मचा ठेवला आणि मागचा कोरोलाच्या घराण्यातल्या मोठ्या प्लॅटफॉर्मचा घेऊन जोडला. मागे डबल विशबोन हे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, डिफला जागा झाली. बॅटरी उचलून डिकीत नेली, म्हणजे नाकावरचं वजन थोडं मागे गेलं. दारं, बॉनेट, मागचं झाकण ॲल्युमिनियमचं, छत कार्बन फायबरचं. एवढं करून २०२० च्या गाडीचं वजन १,२८० किलो राखलं. तिच्या १.६ लिटरच्या इंजिनातून युरोपात २६१ पीएस (अश्वशक्ती) निघायचे, लोक तेवढंच बघतात. माझ्या मते खरी कारागिरी मागच्या सीटच्या खाली आहे.

गंमत बघा, २०१३ ते २०१६ सलग चार वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकणारी पोलो चारही चाकांवर चालणारी होती. पण त्याच काळात फोक्सवॅगनने रस्त्यासाठी काढलेली २२० पीएसची मर्यादित पोलो आर मात्र फक्त पुढच्या चाकांवर. पोलो बनवणाऱ्या कंपनीनेच हा खटाटोप केला नाही, तुम्ही कराडच्या शेडमध्ये काय करणार राव!

चाकं का फिरतात त्याचा हिशेब करू. दोघे आणि सामान धरून गाडी १,३०० किलो, त्यातले ६० टक्के पुढे, म्हणजे ७८० किलो. ओल्या डांबरावर पकड निम्मी धरा, म्हणजे ३९०. पण पाय दिला की गाडी मागे बसते. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटर धरला तर पुढे उरतो साधारण ३५० किलोचा जोर. चढावर वजन आणखी मागे सरकतं ते वेगळंच. चारही चाकं ओढत असतील तर तोच आकडा ६५०. म्हणजे जितका जोरात पाय द्याल तितकी ओढणारी चाकं हलकी होतात, पुढच्या ड्राइव्हची ही जन्मखोड आहे.

पण नुसता मागे शाफ्ट नेला की झालं असंही नाही. अशा गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि मागच्या डिफजवळ तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा गठ्ठा असतो. क्लच जोर फक्त वेगाने फिरणाऱ्या बाजूकडून हळू फिरणाऱ्या बाजूकडे देतो. मागे पुढच्यापेक्षा जास्त जोर हवा असेल तर प्लेटांची इंजिनकडची बाजू चाकांकडच्या बाजूपेक्षा सतत किंचित वेगाने फिरली पाहिजे. म्हणून फोर्ड फोकस आरएसमध्ये मागची बाजू मुद्दाम १.८ टक्के वेगवान गिअरिंगची ठेवली होती. तिच्या मागे डिफच नव्हता, प्रत्येक चाकाला स्वतःचा क्लच. ७० टक्क्यांपर्यंत जोर मागे जायचा, आणि तो सगळाच्या सगळा एका चाकाला देता यायचा. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त जोर दिला की तेच गाडीचं नाक आत ढकलतं. यारिसमध्येही पुढच्या-मागच्या गिअरिंगमध्ये असा बारीक फरक आहे, म्हणून तर २०२० च्या गाडीत स्पोर्ट मोडमध्ये पुढे-मागे ३०:७० म्हणता यायचं.

हा दीड-दोन टक्क्यांचा आकडा मला पैसे मोजून शिकावा लागला. माझ्याकडे ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही आहे. मुरुमाच्या रस्त्याने पुढचे टायर आधी खाल्ले. टायरवाला म्हणाला, "साहेब, मागचे अजून वर्षभर जातील," आणि मीही दोनच बदलले. नवीन टायरवर ८ मिलिमीटर नक्षी, मागच्यांवर ३. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, ३२० च्या त्रिज्येवर कागदावर दीड टक्का! म्हणजे फोर्डने विचार करून ठेवला होता जवळपास तेवढाच फरक मी टायरच्या दुकानात चुकून करून आलो. कासहून परतताना धुक्यात आधी जळकट वास, मग डॅशवर दिवा. कपलिंग, म्हणजे तोच क्लच प्लेटांचा गठ्ठा, सतत घासून तापून बंद पडलं होतं आणि तेल काळं निघालं. त्यानंतर चारही टायर एकाच वेळी घेतो आणि दर ८ हजार किलोमीटरला पुढचे मागे करतो.

तुमच्यासाठी: रीमॅप करणाऱ्याकडे परत जा आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला टॉर्क कमी करून घ्या, गिअरनुसार मर्यादा टाकता येते. मग चांगले टायर. एवढ्यावर भागलं नाही तर पुढे मेकॅनिकल एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफ), तोही गिअरबॉक्स उघडायची वेळ येईल तेव्हाच. चेसिस कापाकापी केलीत तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा, दोन्ही आडवे येतील. आणि उतारावर ब्रेक लावताना ऑल-व्हील-ड्राइव्ह कामाला येत नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात.

लिफ्टवर घ्याल तेव्हा टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. फोटो इथे टाका. शेवटी १७ किंवा १८ दिसलं तर दोष जुन्या टायरचा, रीमॅपला उगाच शिव्या देत होतो असं समजा.