डीपी फोडली, तर तो 'घातपात' का?

दारव्ह्याकडच्या एका वाचकानं विचारलंय: शिवारातली डीपी, म्हणजे मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, रात्रीतून फोडली, ऐन हरभऱ्याच्या ओलितात मोटारी बंद पडल्या आणि गावच्या ग्रुपवर कोणीतरी 'घातपात' लिहिलं. हा शब्द इथं चालतो का?

मी तर आधी डीपीखाली जाऊन पाहिलं असतं. झाकण खोललेलं, ऑइल काढलेलं, आतली तांब्याची कॉइल गायब, तर ती चोरी. तुमचा हरभरा वाळला काय नि राहिला काय, चोराला त्याचं घेणंदेणं नाही. कॉइल जागेवर आणि ऑइल मातीत सांडलेलं असेल, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. एकाच शेतकऱ्याची केबल तेवढी कापली असेल, तर आपल्याकडे सरळ 'खुन्नस काढली' म्हणतात. तिथं 'घातपात' म्हणजे बांधाच्या भांडणाला फौज बोलावणं.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. वीज कायदा, २००३ मध्ये तारा आणि साहित्याच्या चोरीला कलम १३६. पुरवठा तोडण्याच्याच इराद्यानं लाइन कापली, तर कलम १४०. आपला शब्द या १४० च्या जवळचा. गंमत म्हणजे चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि १४० ला नुसता १०,००० रुपयांपर्यंत दंड!

इरादा आणि कारण यांत मात्र गल्लत नको. २६ सप्टेंबर २०२२ ला बाल्टिक समुद्रात रशियातून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमच्या ४ पैकी ३ गॅसवाहिन्या स्फोटांनी फुटल्या. तिथून कोणी काही उचलून नेलं नव्हतं. मग फायदा कोणाचा? रशिया, अमेरिका, युक्रेन, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेन्मार्कनं तपास बंद केला, खटला भरला नाही. पण हा मुद्दाम केलेला घातपात, एवढं सांगितलं. कोणी केलं, कशापायी केलं, हे ठरायच्या आधीच शब्द पक्का झाला.

तेव्हा तुमच्या डीपीतली कॉइल गेली असेल, तर ग्रुपवर 'चोरी' लिहा. आणि 'ओलिताची घात गेली' असं खुशाल लिहा. ती घात स्त्रीलिंगी, कामाची नेमकी वेळ या अर्थाची. घातपातातल्या घाताशी तिचा संबंध लावू नका.