बागेची जागा कमर्शियल केली, आता अपील कुठे?

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरचा प्लॉट डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) बागेसाठी रिझर्व्ह होता, नगरपालिकेने ठराव करून तो कमर्शियल झोनमध्ये टाकायचं ठरवलंय. अपील करता येईल का?

उत्तर : ताई, नुसता ठराव झाला म्हणजे झोन बदलला असं नाही. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायदा) 1966 च्या कलम 37 प्रमाणे आधी राजपत्रात नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, त्यासाठी एक महिना असतो, मग बाधितांची सुनावणी आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची. म्हणून नोटिशीची तारीख आजच बघा, खरी लढाई याच महिन्यात असते! कलम 47 चं अपील बांधकाम परवानगीसाठी असतं, त्यात अडकू नका.

हरकत लेखी द्या, सर्व्हे नंबर लिहा, डीपीच्या नकाशाची प्रत जोडा ज्यात तो हिरवा तुकडा दिसतो, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, हा शिक्का पुढे फार कामाला येतो. ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा. शेजाऱ्यांनाही वेगवेगळ्या हरकती द्यायला सांगा.

सरकारने मंजुरी दिलीच तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात रिट याचिका करता येते, पण उशीर नको. बंगळुरूत पार्कची जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो वकिलांना नक्की दाखवा.