थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटात?

प्रश्न: ताई, आई थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेते, एक दिवस चुकत नाही, तरी रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) वाढलेलाच येतोय आणि डॉक्टरांनी डोसही वाढवला. विसरायला नको म्हणून कॅल्शियम आणि केसांसाठीचं बायोटिन पण ती त्याच घोटात घेते. ते तर नुसतं व्हिटॅमिन ना, त्याने काय होणार?

उत्तर: अगं तो घोटच नडतोय बहुतेक! कॅल्शियम पोटात लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, चिकटून बसतं, मग औषध रक्तात पुरेसं उतरतच नाही, गोळी घेतली खरी पण त्यातली बरीचशी वाया. लोहाच्या गोळीचंही तेच. मध्ये किमान ४ तास जाऊ दे, म्हणजे ६ ला थायरॉईडची घेतली तर कॅल्शियम थेट दुपारच्या जेवणाबरोबर. पण आधी डॉक्टरांना कळव हं, कारण डोस वाढवलाय आणि आता औषध नीट लागू पडायला लागलं तर तोच डोस जास्त होईल, मग धडधड, घाम, झोप उडणं सुरू. ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत करायला सांगतील.

बायोटिनची तऱ्हाच वेगळी, ते औषधाच्या वाटेला जात नाही पण डोस मोठा असेल तर लॅबच्या टेस्टलाच फसवतं. डॉक्टरांना विचारून टेस्टच्या किमान २ दिवस आधी बंद ठेवायचं.

आणि नुसतं व्हिटॅमिन म्हणतेस, वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवायचं औषध घेणाऱ्यांना व्हिटॅमिन के ची गोळी सरळ औषधाच्या उलट काम करते! पुढच्या वेळी सगळ्या डब्या पिशवीत भरूनच ने, तोंडी सांगताना निम्मी नावं राहतात.