दोघा-चौघांना स्कॉलरशिप, मग बाकी वर्गाला काय?

प्रश्न : आमचा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, थोडा निधी जमलाय. निम्मे म्हणतात स्कॉलरशिप सुरू करू, निम्मे म्हणतात त्यात दोन-चार पोरांचंच भलं होणार, त्यापेक्षा शाळेला रंग काढून देऊ, सगळ्यांना उपयोग. मला स्कॉलरशिपच बरी वाटते, पण मुद्दा पटवून देता येत नाहीये.

उत्तर : शंका रास्त आहे तुमच्या मित्रांची. पण फायदा दोन-चार पोरांपुरताच राहतो असं काही नाही, स्कॉलरशिप नीट आखली असेल तर. 2001 मध्ये पश्चिम केनियातल्या बुसिया आणि टेसो जिल्ह्यांत एका संस्थेने सहावीच्या मुलींसाठी स्कॉलरशिप जाहीर केली. परीक्षेत वरच्या 15 टक्क्यांत येणाऱ्या मुलींना पुढची दोन वर्षं फी, शालेय साहित्याला पैसे आणि सगळ्यांसमोर सत्कार. शाळा चिठ्ठ्या टाकतात तशा निवडल्या होत्या, त्यामुळे योजना मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची सरळ तुलना करता आली आणि ती केली मायकेल क्रेमर (2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हुशार मुलींचे मार्क वाढले, ते अपेक्षितच होतं. पण बुसियात काय झालं बघा, ज्या मुली आधीच्या परीक्षेत इतक्या मागे होत्या की त्यांना स्कॉलरशिप मिळायची शक्यता जवळपास नव्हतीच, त्यांचेही मार्क वाढले. मुलग्यांचेही वाढले, आणि मुलग्यांना तर ती मिळणारच नव्हती! वर शिक्षकांची हजेरी पण सुधारली.

हे का होतं ते वर्गात बसलेल्या कुणालाही कळेल. एका बाकावरची एक मुलगी मनावर घेऊन अभ्यासाला लागली की ती शेजारणीला गणित विचारते, सरांना थांबवून "परत सांगा ना" म्हणते, आणि सरांनी परत सांगितलं की ते मागच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जातंच की. सरांनाही वाटतं आपल्या वर्गातल्या पोरी यंदा यादीत आल्या पाहिजेत, मग ते तास बुडवत नाहीत. पैसे एकीच्या नावावर जमा होतात पण शिकवणं सगळ्यांचं सुधारतं.

मात्र टेसो जिल्ह्यात हे इतकं स्पष्ट दिसलं नाही. तिथे लोकांचा त्या संस्थेवर भरवसा कमी होता, काही शाळा मधूनच बाहेर पडल्या. म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगते, निकष काय, निवड कोण करणार, पैसे कधी मिळणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना बोलावून सांगा आणि मग त्यात बदल करू नका. वर्षाच्या शेवटी गॅदरिंगमध्ये अचानक नाव पुकारून पाकीट दिलंत तर त्या मुलाला आनंद होईल, पण त्याने वर्षभरात वर्गाचा अभ्यास कसा वाढणार? आणि रंग काढायचाच असेल तर पुढच्या वर्षी काढा, भिंती थांबतील, फी अडलेला मुलगा थांबत नाही, तो शाळा सोडून जातो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. स्कॉलरशिप मार्कांवर द्यावी की घरच्या परिस्थितीवर? परिस्थितीवर दिली की मुलं त्या मुलाला चिडवतात हो.

उत्तर : मॅडम, मला विचाराल तर निवडताना परिस्थिती बघावी आणि देताना कौतुक म्हणून द्यावी. कंबोडियात प्राथमिक शाळांमध्ये हाच प्रयोग झालाय, काही ठिकाणी गरिबीवर स्कॉलरशिप, काही ठिकाणी गुणवत्तेवर. दोन्हीकडे मुलं शाळेत टिकली, हजेरी वाढली. पण परीक्षेतले मार्क वाढले ते गुणवत्तेच्या नावाने दिली तिथेच. 'तू गरीब म्हणून' आणि 'तू मेहनती म्हणून' यात पोराच्या मनात फार फरक पडतो.

पण नुसत्या मार्कांवर पण जाऊ नका, कारण मग ज्याच्या घरी क्लासला पैसे आहेत तोच पहिला येणार आणि तोच घेऊन जाणार. घानामध्ये 2008 मध्ये अशी मुलं निवडली होती जी माध्यमिक शाळेच्या प्रवेशाला पात्र ठरली होती, पण पैशांअभावी गेली नव्हती. त्यातल्या 682 जणांना चिठ्ठी पद्धतीने चार वर्षांची स्कॉलरशिप मिळाली. न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यात शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण खूपच जास्त निघालं, आणि पुढे त्या मुलींना मुलंही उशिरा झाली. म्हणजे अडलं होतं ते पैशामुळेच.

आणि चिडवण्याचं म्हणाल तर वर्गात कधी "स्कॉलरशिपवाले उभे राहा" असं म्हणू नका. सही घ्यायची असेल तर एकेकाला ऑफिसात बोलवा. सहलीचा कागद आला की घडी घालून दप्तराच्या तळाशी ठेवणारं, घरी दाखवतच नाही असं एखादं पोर तुमच्या वर्गात असेलच, त्याच्याशी बाजूला बोला.

प्रश्न : मुलगी बसते निकषात, पण फॉर्म इतका किचकट आहे की राहू दे वाटतं. आणि मिळेलच याची खात्री पण नाही.

उत्तर : राहू देऊ नका ताई. असं तुमचंच होतं असं नाही, खात्री नसली की चांगली चांगली मुलं अर्जच करत नाहीत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांना नुसतं पत्र पाठवलं, प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी माफ, त्यासाठी वेगळे कागद भरायचे नाहीत. यातली बहुतेक मुलं तशीही फीमाफीला पात्र होती, तरी पत्र गेलं तिथे अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण 26 वरून 68 टक्के झालं!

तुम्ही शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगा की एक शनिवार फॉर्मसाठी ठेवा, जुने लाभार्थी आणि त्यांचे पालक बोलवा, एकदा भरलेल्या माणसाला कुठला दाखला कुठे मिळतो ते पाठ असतं. दाखल्यांच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा, आणि फॉर्मवरचं नाव दाखल्यातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा.