अर्ध्या प्लॉटला मुरूम, अर्ध्याला काळी माती : पाया किती बसेल?

पाया किती बसेल, म्हणजे खाली खचेल, याचा अंदाज बांधता येतो, पण एका खड्ड्यावरून नाही. कोल्हापुरात पंचगंगेकडं उतरताना असं बऱ्याचदा होतं: एका कोपऱ्यात पहारीला मुरूम ठणकतो, दुसऱ्यात काळी माती फावड्याला चिकटते. दोन्हीकडं माती तपासायला बोअर घ्या, मातीची कन्सॉलिडेशन टेस्ट (भाराखाली माती किती दबते याची चाचणी) करा. आयएस ८००९ या भारतीय मानकाप्रमाणे प्रत्येक कॉलमखालचं बसणं वेगळं काढा.

खरी भीती एकूण बसण्याची नाही, फरकाची. आयएस १९०४ मऊ चिकणमातीवर आरसीसी इमारतीच्या सुट्या फुटिंगला (प्रत्येक कॉलमखालच्या वेगळ्या पायाला) ७५ मि.मी. चालवून घेतं, पण ४ मीटरवरच्या दोन कॉलममध्ये फरक फक्त ६ मि.मी.! त्यापुढं भिंतीला तिरक्या भेगांचा धोका. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. हे त्या गणितात येत नाही, फुगवट्याची चाचणी वेगळी करा. मी तर सगळेच फुटिंग मुरमापर्यंत नेईन.